ड्राफ्टची घाई आणि पदवीची वाट

मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूंना असा एक निर्णय घ्यावा लागतो, जो बहुधा पुन्हा फिरवता येत नाही. एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीसाठी, त्यांनी आपले नाव दिलेले असते. ते कायम ठेवायचे, की मागे घेऊन आणखी एक हंगाम महाविद्यालयाकडून खेळायचे? महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएएने यासाठी ड्राफ्टपूर्व चाचणी शिबिरानंतर दहा दिवसांची मुदत ठेवली आहे. प्रत्यक्ष निवड होते ती जूनच्या उत्तरार्धात. कोणता संघ घेईल, कितव्या क्रमांकावर घेईल आणि मुळात घेईल का, यांपैकी काहीही निश्चित नसताना एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला आपला कौल द्यावा लागतो.

हा वाद अमेरिकेत अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे आणि तो बहुतेक वेळा ‘शिक्षण विरुद्ध पैसा’ अशा सोप्या स्वरूपात मांडला जातो. वस्तुतः हा प्रश्न जोखमीचा आहे. ती कोणी आणि कधी पत्करायची, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत जवळजवळ उलटे झाले आहे.

आरंभी खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्यच नव्हते. शालेय शिक्षण संपून चार वर्षे उलटल्याशिवाय एनबीएत प्रवेश नाही, असा लीगचा नियम होता. मिसिसिपीतील कापूस वेचणाऱ्या कुटुंबातून आलेल्या स्पेन्सर हेवूड याने त्याला आव्हान दिले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि दार किलकिले झाले. पुढे ते इतके उघडले की १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स हे महाविद्यालयाची पायरी न चढता शाळेतून थेट लीगमध्ये दाखल झाले. २००५ च्या सामूहिक करारात लीगने पुन्हा अट घातली. ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूचे वय किमान १९ असावे आणि अमेरिकी खेळाडूच्या शालेय शिक्षणाला एक वर्ष उलटलेले असावे. त्यातून ‘एक वर्ष खेळा आणि रामराम करा’ ही प्रथा रूढ झाली. २०२५ मध्ये ड्यूक विद्यापीठातील एका हंगामानंतर डॅलस मॅव्हरिक्सने पहिल्या क्रमांकावर निवडलेला कूपर फ्लॅग हा याच वाटेने गेला.

फ्लॅगसारख्यांच्या बाबतीत मतभेदाला फारसा वाव नाही. खरा पेच त्यांच्यामागे उभ्या असलेल्या खेळाडूंचा आहे. ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत मिळून साठच्या आसपास जागा असतात. पहिल्या फेरीतील तीस जणांचे वेतन क्रमांकानुसार ठरलेले असते. पहिल्या दोन वर्षांची त्यांना हमी असते आणि पुढची दोन वर्षे संघाच्या मर्जीवर असतात. तिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूलाही वर्षाला वीस ते तीस लाख डॉलर मिळतात. एकतिसाव्या क्रमांकापासून मात्र ही हमी संपते. दुसऱ्या फेरीतील अनेकांच्या वाट्याला ‘टू-वे’ करार येतो. त्यात खेळाडू एनबीए आणि तिची दुय्यम जी लीग यांच्यात ये-जा करतो. २०२५-२६ च्या हंगामात या कराराचे मूल्य सुमारे ६ लाख ३६ हजार डॉलर होते. तोही न मिळाल्यास जी लीगच्या साध्या करारावर हंगामाचे ४० हजार डॉलरच्या आसपास मिळतात. निवड होणे म्हणजे खेळायला मिळणे नव्हे, हे भारतीय वाचकांना सतनाम सिंग याच्या उदाहरणावरून आठवेल. पंजाबच्या या खेळाडूला २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेल्या खेळाडूची ती पहिलीच निवड होती. मात्र एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

तरीही लवकर जाण्याच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. पहिली गोष्ट वयाची. संघ आजच्या खेळाइतकेच उद्याच्या वाढीचे मोल करतात. एकोणिसाव्या वर्षी ज्या उणिवेला ‘वाव’ म्हटले जाते, तिलाच बाविसाव्या वर्षी ‘मर्यादा’ म्हटले जाते. दुसरी गोष्ट दुसऱ्या कराराची. पहिल्या फेरीतील खेळाडूचा आरंभीचा करार चार वर्षांचा असतो आणि मोठी कमाई सुरू होते ती त्यानंतर. सहा वर्षांपर्यंत अनुभव असलेल्या खेळाडूला संघाच्या वेतनमर्यादेच्या २५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात. २०२५-२६ मध्ये ही रक्कम ३ कोटी ८६ लाख डॉलरच्या घरात जाते. एकोणिसाव्या वर्षी आलेला खेळाडू त्या टप्प्यावर तेविसाव्या वर्षी पोहोचतो, बाविसाव्या वर्षी आलेला सव्विसाव्या. तिसरी गोष्ट शरीराची. फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूकचा झायन विल्यमसन याचा बूट नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्याच्या पहिल्याच मिनिटात फाटला आणि त्याचा गुडघा मुरगळला. तो त्यातून सावरला आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. तथापि त्या संध्याकाळी बिनपगारी खेळात किती मोठे भविष्य पणाला लागलेले असते, हे साऱ्या देशाने पाहिले.

‘बिनपगारी’ हाच या जुन्या वादाचा कणा होता. विद्यापीठे आणि दूरचित्रवाणी वाहिन्या या खेळावर अमाप कमवत असताना खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेता येत नव्हते. अशा वेळी ‘थांब, शिक्षण पूर्ण कर’ हा सल्ला देणे सोपे होते, कारण त्याची किंमत सल्ला देणाऱ्याला मोजावी लागत नव्हती.

ही स्थिती जुलै २०२१ पासून बदलली. खेळाडूंना आपले नाव, छायाचित्र आणि लोकप्रियता यांच्या वापराबद्दल मानधन घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना २०२५-२६ या वर्षासाठी सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा मिळाली. नामांकित संघांतील आघाडीच्या बास्केटबॉलपटूंचे मानधन दहा लाख डॉलरपलीकडे गेले आहे. याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. २०२१ मध्ये मुदतीआधी नाव देणाऱ्यांची संख्या ३५३ होती, ती २०२५ मध्ये १०६ वर आली. कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाने २०२१ चा आकडा फुगला होता, हे खरे. पण घसरणीची दिशा स्पष्ट आहे. महाविद्यालय टू-वे करारापेक्षा अधिक देत असेल, तर दुसऱ्या फेरीच्या आशेवर बाहेर पडणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे ठरते.

थांबणे म्हणजे मात्र निर्धोक राहणे नव्हे. पर्ड्यू विद्यापीठाचा सात फूट चार इंच उंचीचा झॅक एडी याने २०२३ मध्ये ड्राफ्टमधून नाव मागे घेतले आणि पुढच्या वर्षी मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले. उलट ओहायो स्टेटचा जॅरेड सलिंजर २०११ मध्ये वरच्या दहांत गणला जात असताना थांबला. पाठीच्या दुखण्याची चर्चा सुरू झाली आणि २०१२ मध्ये तो २१ व्या क्रमांकापर्यंत घसरला. एडी कॅनडाचा असल्याने आणखी एक अडचण पुढे आली. एफ-१ व्हिसावर असलेल्या परदेशी विद्यार्थ्याच्या कमाईवर कडक बंधने असतात. मुले अमेरिकेत शिकत असलेल्या मराठी कुटुंबांना ती परिचित आहेतच. नव्या व्यवस्थेतील पैसा अशा खेळाडूंपर्यंत सहज पोहोचत नाही. त्यामुळे थांबण्याचे गणित सर्वांना सारखे लागू होत नाही.

राहिला प्रश्न पदवीचा. टिम डंकन याने मृत आईला दिलेल्या वचनाखातर वेक फॉरेस्टमध्ये चारही वर्षे पूर्ण केली आणि १९९७ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. शकील ओनील १९९२ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून गेला आणि २००० मध्ये पदवीधर झाला. २००९ मध्ये बाहेर पडलेल्या स्टीफन करीने २०२२ मध्ये पदवी पूर्ण केली. पदवी वाट पाहू शकते, गुडघे पाहत नाहीत, असा निष्कर्ष यातून काढला जातो. तो अर्धवट आहे. ओनील आणि करी परतले ते कोट्यधीश होऊन. ज्याची निवडच झाली नाही आणि जो परदेशातील छोट्या लीगमध्ये हंगामागून हंगाम काढतो, त्याच्यासाठी तो परतीचा रस्ता फार लांबचा असतो.

दुसरीकडे ‘थांबला म्हणजे शिकला’ हे समीकरणही आता टिकत नाही. २०२४ पासून अभ्यासाची किमान अट पाळणारा खेळाडू एक हंगाम बाहेर न बसता कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो. अधिक मानधनासाठी चार वर्षांत तीन विद्यापीठे बदलणाऱ्याचे अभ्यासाचे श्रेयांक प्रत्येक ठिकाणी मान्य होतातच असे नाही. तेव्हा मुलगा महाविद्यालयात राहिला, एवढ्यावरून पालकांनी समाधान मानण्यात अर्थ नाही. मानधनाच्या कराराइतक्याच काटेकोरपणे पदवीला किती श्रेयांक उरले आहेत, संघ सोडल्यावरही शिक्षणाचा खर्च कोण उचलणार आणि दुखापत झाल्यास शिष्यवृत्तीचे काय होणार, हे लेखी मागितले पाहिजे.

या निर्णयाच्या वेळी मुलाभोवती बोलणारे सगळेच हितसंबंधी असतात. प्रशिक्षकाला पुढचा हंगाम जिंकायचा असतो, दलालाला करारातला वाटा हवा असतो आणि कुटुंबावर कधी कधी कर्जाचा डोंगर असतो. म्हणून सरसकट ‘जा’ किंवा ‘थांब’ असा उपदेश निरर्थक आहे. पहिल्या फेरीची हमी जवळजवळ पक्की असेल, तर जाण्यात कमीपणा नाही. तिथे थांबण्याची जोखीम खेळाडूची आणि लाभ मुख्यतः इतरांचा असतो. ती हमी नसेल, तर आज थांबणेच शहाणपणाचे आहे, पण त्या वर्षातून पैशाबरोबर पदवीही पदरात पडत असेल तरच. अन्यथा ड्राफ्ट हुकला आणि पदवीही राहिली, असे तेल-तूप दोन्ही गमावून धुपाटणे हाती येणारे खेळाडू पुढेही दिसतील. त्यांची नावे मात्र जूनच्या त्या झगमगत्या मंचावरून कधीच पुकारली जाणार नाहीत.