लॅब उभारली, आता प्रयोगाचा तास द्या

अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला केंद्र सरकार २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. स्वागतच आहे.

पण या लॅबमधला थ्रीडी प्रिंटर कुलपात पडू नये असे वाटत असेल, तर होशंगाबादकडे पाहायला हवे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या १६ शाळांत तिथला विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुले फूल उघडून पाकळ्या-पुंकेसर न्याहाळत, दिसेल ते वहीत उतरवत. शिक्षकांना प्रशिक्षण मिळे. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा आणि प्रयोगाचीही परीक्षा असे. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला.

नव्या लॅबसोबत शिक्षकांचे प्रशिक्षण, वेळापत्रकात हक्काचा तास आणि प्रयोगाला गुण, एवढी तरतूद सरकारने आताच करावी.