वसिष्ठ आणि अरुंधती ही भावंडं आहेत

लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवायची आपली पद्धत. हल्ली तिला एक मेसेज चिकटलाय: वसिष्ठ आणि अरुंधती हे तारे एकमेकांभोवती फिरतात, हे पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून ही प्रथा. लग्नसराईत तो पालकांच्या ग्रुपवर फिरतो आणि कधीकधी वर्गातही पोचतो. शिक्षक मित्रांनो, माझं स्पष्ट मत आहे की वर्गात हे सांगू नये. ते दोघे एकमेकांभोवती फिरत असले तरी एका फेरीला लाखो वर्षं लागतील. नुसत्या डोळ्यांनी ते कोणाला दिसणार? प्रथा छान आहे, तिला विज्ञानाचं सर्टिफिकेट कशाला हवं?

खरी गोष्ट जास्त भारी आहे. दुर्बिणीतून वसिष्ठाचे दोन तारे दिसतात. गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने ते १६१७ मध्ये पाहिले. १८८९ मध्ये वर्णपटावरून कळलं की त्यातला एक पुन्हा जोडतारा आहे, साधारण साडेवीस दिवसांत एक फेरी. पुढे दुसराही तसाच निघाला. २००९ मध्ये अरुंधतीलाही छोटा सोबती सापडला. म्हणजे आपण दोन मोजतो तिथे सहा आहेत, सुमारे ८० प्रकाशवर्षांवर.

मग ही जोडी जमते कशी? मुलांना विचारलं की बहुतेक जण म्हणतात, एक तारा जवळून जात होता, दुसऱ्याने ओढून घेतला. उत्तर हुशारीचं, पण टिकत नाही. जवळ येताना ताऱ्याचा वेग वाढतो आणि त्याच वेगाने तो पुढे निघून जातो. तो वेग काढून घ्यायला तिसरा कोणीतरी लागतो, आणि तशी गर्दी दाट तारकागुच्छांतच असते. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने २००४ मध्ये एनजीसी १८५१ या गुच्छात एक स्पंदक शोधला. त्याला आताचा जोडीदार अशाच अदलाबदलीत मिळाला असावा, असं संशोधक मानतात. (गर्दीत काय काय होतं, हे दहिसरहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना सांगायला नको!)

बाकी बहुतेक जोडतारे जन्मापासूनच सोबत असतात. वायू आणि धुळीचा थंड ढग स्वतःच्या गुरुत्वाने आकसतो. आतल्या खळबळीमुळे एकाऐवजी दोन-तीन दाट गाठी होतात आणि प्रत्येकीचा तारा बनतो. किंवा आकसताना फिरणं वाढतं, तबकडी तयार होते आणि ती फार जड झाली की तिचाच तुकडा वेगळा तारा होतो. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने ययाती तारकासमूहात असे तीन बाळतारे टिपले, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास ताऱ्यांना सोबती असतो. आपला सूर्य मात्र एकटा.

सप्तर्षींतले पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ आणि सोबतची अरुंधती हे सगळे एकाच ढगातून जन्मलेले. क्रतू आणि मरीची बाहेरचे. आता बोला, जोडपं की भावंडं?

वर्गात फुगडी घालायला लावा. एक दणकट मूल, एक किरकोळ. दणकट जेमतेम सरकतं, किरकोळ मोठा फेरा मारतं. जोडताऱ्यांचंही तसंच, दोघांचा मध्य जड ताऱ्याजवळ असतो. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास गच्चीवरून उत्तरेला, मीरा रोडच्या बाजूला वर बघा. आपल्याकडच्या दिव्यांत अरुंधती डोळ्यांनी सापडणं कठीण. साधा बायनॉक्युलर न्या.