विश्लेषण : कायदे झपाट्याने बदलत असताना कंपन्यांचे वकील अद्ययावत कसे राहणार?

जुलै २०२४ मध्ये फौजदारी कायदे बदलले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वैयक्तिक विदा संरक्षणाचे नियम आले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या बदलांचा पहिला भार पडतो तो कंपन्यांच्या विधि विभागांवर. तेथे एखादा बदल नजरेतून सुटला, तर फटका दंडापुरता राहत नाही. तो कर्मचाऱ्याच्या पगारापर्यंत पोहोचतो.

कंपनीतील वकिलाची भूमिका काय?

बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. त्यामुळे कंपनीतील वकील सहसा न्यायालयात उभा राहत नाही. वाद उद्भवू नये यासाठी आधीच सल्ला देणे हे त्याचे मुख्य काम. मात्र अशिलाशी झालेल्या संवादाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार मिळणारे संरक्षण या वकिलांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले. कलम १३४ चे मर्यादित संरक्षण तेवढे आहे. म्हणजेच कालबाह्य तरतुदीच्या आधारे दिलेला लेखी सल्ला उद्या तपासात समोर येऊ शकतो.

बदल कुठून कुठून येतात?

संसद आणि विधिमंडळ हे केवळ दोन स्रोत. त्याखेरीज सेबी, रिझर्व्ह बँक, केंद्रीय मंत्रालये, राज्यांचे विभाग यांच्या अधिसूचना आणि परिपत्रके येतच असतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये नऊ हजारांहून अधिक परिपत्रके मोडीत काढून २४४ एकत्रित निर्देश जारी केले, यावरून हा पसारा लक्षात यावा. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्राबरोबर प्रत्येक राज्याच्या नियमांवरही लक्ष ठेवावे लागते.

‘संमत’ आणि ‘लागू’ यांत फरक का?

चूक अनेकदा इथेच होते. कामगार संहिता २०१९ आणि २०२० मध्ये संमत झाल्या, पण पाच वर्षे त्या कागदावरच होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी घोषणा झाली आणि त्याच दिवसापासून त्या लागू झाल्या. तयारीसाठी वेगळी मुदत मिळाली नाही. विदा संरक्षण कायद्याचे उलट आहे. तो २०२३ चा. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. आणि कंपन्यांवरील बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. त्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

निकालही फिरतात का?

प्रकल्प सुरू झाल्यानंतर पर्यावरण मंजुरी देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ‘वनशक्ती’ प्रकरणात १६ मे २०२५ रोजी बेकायदा ठरवली. १८ नोव्हेंबर रोजी तोच निकाल दोन विरुद्ध एक अशा बहुमताने मागे घेण्यात आला आणि प्रश्न फेरविचारासाठी खुला झाला. मे महिन्यातील टिपणावर विसंबून डिसेंबरमध्ये सल्ला देणे म्हणूनच धोक्याचे.

माहिती असूनही अडते कुठे?

बदलांची बातमी आज मोबाइलवर मिनिटांत पोहोचते. अडते ते पुढच्या टप्प्यावर. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतनही दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. वकिलाने हे वाचले, पण मनुष्यबळ आणि लेखा विभागांनी महिनाअखेरीस हिशेब करण्याची जुनी पद्धत बदलली नाही, तर कायदा मोडलाच. वेतनाची नवी व्याख्याही अशीच. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यावर ग्रॅच्युइटीसारखे लाभ अवलंबून असतात. सूचिबद्ध कंपन्यांपुढे तर तासांचे गणित आहे. कंपनीअंतर्गत महत्त्वाची घडामोड साधारणपणे १२ तासांत, तर बाहेरून उद्भवलेली २४ तासांत शेअर बाजाराला कळवावी लागते.

मार्ग काय?

प्रत्येक बदलापुढे चार नोंदी हव्यात : तो कधीपासून लागू, कोणत्या विभागाला लागू, कोणती कृती करायची आणि कोणी करायची. सारांश देणारी संगणकीय साधने उपयोगी आहेत. पण सल्ला देण्यापूर्वी मूळ राजपत्र वाचण्याला पर्याय नाही. जुनी टिपणे आणि करारांचे नमुनेही ठरावीक काळाने तपासायला हवेत. ही जबाबदारी एकट्या वकिलाची नाही. सर्व लागू कायद्यांच्या पालनासाठी योग्य यंत्रणा उभारल्याचे निवेदन कंपनी कायद्याच्या कलम १३४ नुसार संचालकांनाच द्यावे लागते. विधि विभागाला पुरेसा वेळ, मनुष्यबळ आणि इतर विभागांना जाब विचारण्याचा अधिकार मिळाला नाही, तर ते निवेदन केवळ स्वाक्षरीपुरते उरते.