खाणवाहनांची आद्याक्षरे आणि स्पॅनिश भाषांतर

खाणीतील अवजड वाहनांची इंग्रजी माहितीपुस्तके स्पॅनिशमध्ये आणताना भाषांतरकाराची खरी कसोटी लागते ती लांब वाक्यांत नव्हे, तर तीन-चार अक्षरांच्या संक्षेपांत. स्पॅनिश भाषेला संक्षेपांच्या रूपांतराचे वावडे नाही. इंग्रजीतील 'डीएनए' तेथे 'आ-दे-एने' होतो आणि 'नाटो' ही 'ओतान' होते. त्यामुळे खाणवाहनांचेही सर्व संक्षेप बदलावेत, असे कित्येकांस वाटते. हे मत खाणीत मात्र टिकत नाही.

भुयारातील बुटके 'एलएचडी' वाहन घ्या. भरणे, वाहणे आणि ओतणे या त्याच्या तीन कामांची ही इंग्रजी आद्याक्षरे होत. स्पॅनिशमध्ये ही कामे म्हणजे 'कार्गा', 'आकार्रेओ' व 'देस्कार्गा'. त्यांची आद्याक्षरे जुळविली तर 'कॅड' हा संक्षेप सिद्ध होतो. परंतु संगणकाच्या साहाय्याने आराखडे काढण्याच्या पद्धतीस तो पूर्वीच रूढ झालेला आहे. म्हणून चिलीत इंग्रजी अक्षरेच राहिली, तर पेरूच्या खाणींत या वाहनास 'स्कूप' म्हणतात. उलटपक्षी, उघड्या खाणीतील प्रचंड मालमोटारीस चिलीमध्ये 'कामिओन दे एक्स्त्राक्सिओन' या शब्दांवरून 'काएक्स' हे सुटसुटीत नाव पडले व रुळले. स्पॅनिश एकच असली तरी खाणीची बोली एक नाही, हे यावरून ध्यानात येईल.

सुरक्षिततेच्या संक्षेपांबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. 'रॉप्स' म्हणजे वाहन उलटल्यास चालकास वाचविणारा सांगाडा. 'फॉप्स' म्हणजे वरून कोसळणाऱ्या दगडांपासून रक्षण करणारा. त्यांची आंतरराष्ट्रीय प्रमाणे अनुक्रमे ३४७१ व ३४४९ ही होत. हीच अक्षरे सांगाड्यावरील धातूच्या पट्टीवर असतात. अशा सांगाड्यास उत्पादकाच्या संमतीवाचून भोक पाडू नये वा जोडकाम करू नये; तसे केल्यास त्याचे बळ घटते. आता पुस्तकात एक संक्षेप व पट्टीवर दुसरा असेल, तर ही सूचना नेमकी कोणत्या भागास लागू आहे, हे कारागिराने कसे ओळखावे? भाषांतरकाराच्या हौसेची किंमत चालकाने प्राणांनिशी मोजावी, हे कोणत्याही भाषेस भूषणावह नाही.

यास्तव पट्टीवरील अक्षरे जशीच्या तशी ठेवावीत आणि पहिल्या उल्लेखाबरोबर त्यांचा संपूर्ण अर्थ शुद्ध, सुबोध स्पॅनिशमध्ये द्यावा. स्थानिक संक्षेप त्या खाणीत खरोखर बोलला जात असेल तरच घ्यावा, आणि घेतलेले नाव पुस्तकभर एकच ठेवावे. भाषेचा अभिमान अक्षरे बदलण्यात नसून अर्थ पोहोचविण्यात आहे.