नोंदी जरूर शोधा, पण रुग्णाला ताटकळत ठेवून नको

चामटोलीतल्या एखाद्या घरचा कर्ता माणूस अपघातात जखमी होतो आणि उल्हासनगरच्या शासकीय रुग्णालयात उपचार घेतो. भरपाईच्या दाव्यासाठी त्याला केसपेपरची प्रत हवी असते. त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाकडून ‘गेल्या दहा वर्षांतले सर्व ई-मेल आणि नोंदी’ मागणारा अर्ज आला, तर? शोधणारा कारकून तोच आणि संगणकही तोच.

वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. सरसकट शोधामुळे ही मुदत हुकता कामा नये.

संगणकावर शोध म्हणजे एक बटण दाबणे, असा समज आहे. प्रत्यक्षात लाखो ई-मेल आणि त्यांना जोडलेल्या फायली चाळताना सर्व्हरवर मोठा ताण येतो. म्हणून ‘एक्स्चेंज’सारख्या ई-मेल प्रणालींत न्यायालयीन कामासाठीचे किती शोध एका वेळी चालावेत, यावर मर्यादा घालण्याची सोय असते. रुग्णनोंदणी आणि तपासणी अहवाल त्याच सर्व्हरवर असतील, तर ओपीडीची रांग लांबते.

कायद्यालाही हे भान आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(९) नुसार, मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाची साधने प्रमाणाबाहेर खर्ची पडणार असतील, तर स्वरूप बदलता येते. ७५ टक्के कर्मचारी ७५ टक्के वेळ माहिती गोळा करण्यातच घालवतील अशी स्थिती देशाला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले होते.

मात्र हे कलम नकाराची ढाल नाही. त्याने माहितीचे स्वरूप बदलता येते, माहिती दडपता येत नाही. शिवाय कलम ४ प्रमाणे नोंदींची सूची ठेवणे कार्यालयाचेच कर्तव्य आहे. सूची नसेल, तर शोध जड झाल्याचा दोष अर्जदाराला देता येणार नाही.

उपाय अवघड नाहीत. वादातल्या नोंदी आधी सुरक्षित कराव्यात, म्हणजे त्या पुसल्या जाणार नाहीत. अर्जदाराशी बोलून तारखा, विभाग आणि विषय नेमका करावा. मोठे शोध ओपीडी संपल्यावर, शक्यतो वेगळ्या प्रतीवर आणि एका वेळी एक-दोनच चालवावेत. रुग्णाच्या स्वतःच्या कागदपत्रांची रांग वेगळी ठेवावी. मोठ्या शोधाला दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. जखमी माणसाचा दावा मात्र त्यापायी अडू नये.