कवडीचा प्रवास
तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, आणि तुळजापूर तर बालाघाटाच्या डोंगरात! समुद्रातल्या एका गोगलगाईचं कवच इतकं आत येऊन देवीचं लेणं व्हावं, यामागे श्रद्धेइतकाच व्यापार आहे. जुन्या काळी कवड्यांचं मोठं आगर होतं मालदीव. चौदाव्या शतकात तिथे काझी राहिलेल्या इब्न बतूतानं पद्धत लिहून ठेवली आहे: समुद्रातून गोळा केलेल्या कवड्या खड्ड्यात पुरायच्या, आतलं मांस सडून गेलं की पांढरं कवच उरतं. ते बंगालला जाई, बदल्यात तांदूळ येई. बंगालात ही कवडी नाणं म्हणून इतकी मुरली होती, की अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटचा सारा कंपनी सरकारकडे कवड्यांतच जमा होई आणि नावा भरभरून ढाक्याला जाई. बिचारे मोजणारे! पैसा म्हणून तिची सद्दी संपली, पण लक्ष्मीपूजनाच्या ताटातली जागा सुटली नाही. लक्ष्मीही समुद्रातूनच आलेली. फटीमुळे कवडी अर्धमिटल्या डोळ्यासारखी दिसते, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी ती लेकराच्या करगोट्यात आणि बैलाच्या गळ्यातही बांधली गेली. तिची झळाळी मात्र दैवी नाही. जिवंतपणी गोगलगाय अंगाचा पडदा कवचावर पांघरते, त्यानं ते गुळगुळीत राहतं. वाळूत घासलेली रिकामी कवडी निस्तेज होते. तेव्हा किनाऱ्यावर फार चकचकीत कवडी सापडली, तर आधी उलटी करून पाहा. आत जीव असेल तर पाण्यात परत सोडा.