लायब्ररीचा कॉम्प्युटर वापरताय? मग आधी भिंतीवरचा बोर्ड वाचा



मागे एका व्हिडिओत मी म्हटलं होतं की धंदा सुरू करताना पहिल्याच महिन्यात लॅपटॉप घेऊ नका. तेच तीस-पस्तीस हजार मालात घाला, दोन-तीन वेळा फिरवा, मग बघू. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, मग उद्यम रजिस्ट्रेशन, कोटेशन, रेटलिस्ट हे सगळं करायचं कुठं?"

माझं उत्तर साधं आहे. तुमच्या गावात किंवा तालुक्याला सार्वजनिक ग्रंथालय असेल आणि तिथे वाचकांसाठी कॉम्प्युटर असेल, तर तिथे करा. पॅकिंग मटेरियलचं दुकान टाकलं तेव्हा सुरुवातीचं दीड वर्ष मीही तेच केलं. भाडं नाही, लाईट बिल नाही, डोक्यावर पंखा आणि आजूबाजूला शांतता. नव्या माणसाला याहून चांगलं ऑफिस मिळणार नाही.

पण तिथले नियम आपल्याला जाच वाटतात. रजिस्टरमध्ये नाव लिहा, ओळखपत्र दाखवा, एका तासात उठा, पेनड्राइव्ह लावू नका, फाइल सेव्ह करून ठेवू नका. मलाही वाटायचं, एवढं काय! माझं मत बदललं ते स्वतःचं नुकसान झाल्यावर.

माझी रेटलिस्ट

एका संध्याकाळी मी तिथे बसून दिवाळीच्या बॉक्सची रेटलिस्ट केली. कुणाला कितीने द्यायचं, खरेदी कितीची, सगळं एकाच फाइलमध्ये. तेवढ्यात फोन आला, वेळही संपत आली होती. फाइल मेल केली आणि उठलो. डेस्कटॉपवर ती तशीच राहिली, नाव काय तर "रेटलिस्ट फायनल".

पुढच्या आठवड्यात माझ्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना दुसरीकडून कोटेशन गेलं. जवळपास प्रत्येक आयटमला माझ्यापेक्षा पन्नास पैसे कमी. फाइल कुणी उघडली हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि कुणावर आरोपही करत नाही. योगायोगही असेल. पण त्या दिवाळीला दोन्ही ऑर्डर गेल्या, आणि फाइल उघडी टाकून गेलो होतो मीच.

नंतर फाइल पुसायला गेलो तेव्हा डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. आत अनोळखी लोकांची आधार कार्डं, पॅन, कॅन्सल चेक, एकाचं तर सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. मी ग्रंथपाल मॅडमना बोलावलं. त्यांनी सगळं डिलीट केलं आणि न बोलता भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. "काम झाल्यावर आपल्या फाइल काढून टाकाव्यात." ओळ तिथेच होती. मी रोज तिच्याखाली बसत होतो.

नियम कुणासाठी आहेत?

रजिस्टरचंच घ्या. त्या कॉम्प्युटरवरून कुणी गैरप्रकार केला, तर त्या वेळी खुर्चीत कोण होतं हे त्या वहीवरून कळतं. तुमची सही आणि जाण्याची वेळ लिहिलेली असेल, तर ती वही तुमच्याच बाजूने बोलते. म्हणून येतानाची वेळ लिहिता तशी जातानाचीही लिहा. सायबर कॅफेंसाठी तर २०११ पासून केंद्र सरकारचे नियमच आहेत : ओळखपत्र बघायचं, नोंद किमान एक वर्ष जपायची, आणि पार्टिशन नसेल तिथे स्क्रीनचं तोंड मोकळ्या जागेकडे ठेवायचं. म्हणजे तुमची स्क्रीन मागच्यालाही दिसते. पासवर्ड टाकताना हे लक्षात ठेवा.

एका तासाची मर्यादा मला तर शिस्त लावून गेली. उद्यमचा फॉर्म भरायला बसण्याआधी आधार, पॅन, बँक खात्याचा नंबर, आयएफएससी, धंद्याचा पत्ता, कामगारांची संख्या हे घरूनच कागदावर लिहून न्या. आधारला जोडलेला मोबाईल सोबत हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. एवढी तयारी असेल तर तास पुरतो. आणि हो, १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी पूर्ण मोफत आहे. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. उद्यम रजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता हाताने टाइप करा. पैसे मागणारी साइट सरकारी नाही, हे पक्कं.

पेनड्राइव्हवर बंदी का? तुमचा व्हायरस त्यांच्या मशीनमध्ये जाऊ नये म्हणून. तेवढंच त्यांचा तुमच्यात येऊ नये म्हणूनही.

माझे स्वतःचे नियम

बोर्डावर नसलेले, पण मी पाळतो ते हे :

१. नेट बँकिंग तिथे कधीच नाही. इन्कॉग्निटो विंडो बंद केल्यावर हिस्टरी राहत नाही, पण डाउनलोड केलेली फाइल राहते, आणि मशीनमध्ये टाइप केलेलं टिपणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याला ती अडवत नाही.

२. ब्राउझरने "पासवर्ड सेव्ह करू का?" विचारलं की नाही म्हणायचं.

३. ई-आधार तिथे डाउनलोड करायचं नाही. त्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. त्याच फोल्डरमध्ये पॅन पडलं असेल तर दोन्ही त्यावर छापलेलं असतं. कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं झालं.

४. उठण्याआधी डाउनलोड्स आणि डेस्कटॉप तपासायचं, शिफ्ट दाबून डिलीट करायचं. नुसतं डिलीट केलं तर फाइल रिसायकल बिनमध्ये पडून राहते.

५. व्हॉट्सॲप वेब लावलं असेल तर फोनमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून तिथून लॉगआउट करायचं. फक्त विंडो बंद करून भागत नाही. तुमची सगळी गिऱ्हाइकं त्या चॅटमध्ये आहेत.

ग्रंथालयांनाही एक विनंती

नियम फक्त बोर्डावर लिहून चालत नाही. मशीन रीस्टार्ट केलं की आधीच्या माणसाचं सगळं पुसलं जावं, अशी सोय करता येते. ते जमत नसेल तर रोज संध्याकाळी कुणीतरी डाउनलोड्स रिकामं करावं. पाच मिनिटांचं काम आहे. वाचक विसरणारच, मीही विसरलो होतो.

पण तुम्ही त्यांच्यावर अवलंबून राहू नका. गल्ला उघडा टाकून आपण दुकानाबाहेर जात नाही ना? तुमची रेटलिस्ट, गिऱ्हाइकांचे नंबर, पॅन, हाही गल्लाच आहे.

आज एवढंच करा. फोन उचला, लिंक्ड डिव्हाइसेस उघडा आणि न ओळखीचं काही दिसलं तर काढून टाका. जीमेलमध्येही कुठल्या मशीनवर तुम्ही लॉगिन आहात ते दिसतं, तेही बघा. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

आणि उद्या लायब्ररीत गेलात की खुर्चीत बसण्याआधी बोर्ड वाचा. मी तो दोन ऑर्डर गेल्यावर वाचला.